पडद्याआधी फळ्यावर एक प्रश्न

नेमणूक होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा मुख्याध्यापकांनी डिजिटल वर्गाची किल्ली माझ्या हातात दिली. "मॅडम, तुम्ही नव्या आहात, तुम्हाला हे जमतंय." औसा तालुक्यातली शाळा, नववीची बेचाळीस लेकरं, एक प्रोजेक्टर आणि भिंतीला टांगलेला पडदा. बी.एड.च्या सराव पाठात स्लाइड दाखवून मी चांगले गुण मिळवले होते. त्यामुळे मलाही वाटलं, जमतंय.

भूगोलातला अंतर्गत हालचालींचा पाठ होता. रात्री जागून मी भूकंपावरचा एक देखणा व्हिडिओ शोधला. दुसऱ्या दिवशी खिडक्यांना चादरी लावून तो दाखवला. वर्ग चिडीचूप होता. एवढा शांत वर्ग मी आधी पाहिला नव्हता आणि लेकरं शिकतायत याची मला खात्री वाटली. त्यानंतरच्या तासाला फळ्यावर विचारलं, "भूकंप का होतो?" जी चार उत्तरं आली ती पुस्तकातली, शब्दाला शब्द. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली.

"बाई, त्यात म्हणले की भूकंप पट्टांच्या कडंला होतेत. मग आपली किल्लारी कुठल्या कडंला हाय?"

पट्ट म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे सरकणारे मोठे तुकडे. आणि किल्लारी आमच्याच तालुक्यात आहे. तिथला भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ ला, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. हे या भागातल्या प्रत्येक घरात माहीत असतं आणि माझ्या व्हिडिओत त्याचा उल्लेखही नव्हता. पस्तीस मिनिटं पडद्यावर सगळं हलत होतं, पण लेकरांच्या डोक्यात आधीपासून काय आहे हे मी विचारलंच नव्हतं. नव्याने शिकवायला लागणाऱ्यांनी माझा हा एवढा एकच अनुभव घेतला तरी पुरे. शांत वर्ग आणि शिकणारा वर्ग एकच, असं धरून चालू नका.

पुढच्या वर्षी तोच पाठ मी उलट बाजूने सुरू केला. आदल्या दिवशी गृहपाठ दिला: त्या पहाटे घरातलं कोण कुठं झोपलं होतं, भिंती कशाच्या होत्या, छत कशाचं होतं, हे विचारून या. (ज्या घरातली माणसं गेली, तिथल्या लेकरांना हा गृहपाठ सक्तीचा करू नका. मी त्यांना गावातल्या जुन्या बांधकामांची पाहणी दिली.) दुसऱ्या दिवशी वर्गात बोलणं थांबेना. कुणाची आज्जी अंगणात झोपली होती म्हणून वाचली. कुणाच्या घराच्या भिंती हातभर जाड, दगड आणि मातीच्या, वर माळवद, म्हणजे मातीचं जड सपाट छत. मग जगाच्या कोऱ्या नकाशावर प्रत्येक जोडीने अंदाजाने खुणा केल्या: भूकंप कुठे होत असतील? त्यानंतर प्रोजेक्टर लावला, फक्त चार मिनिटं, जगभरातल्या भूकंपांचा नकाशा. ठिपके पट्टांच्या कडांनी रांगेत बसलेले आणि आमची किल्लारी त्या रांगेपासून कितीतरी दूर. पडदा बंद केला आणि जोड्यांना विचारलं, "असं का असेल?"

तेव्हा कुठे माझं सांगणं लेकरांना हवंसं झालं. भारतीय पट्ट उत्तरेकडे सरकत युरेशियन पट्टाला रेटतो आणि तो ताण पट्टाच्या आतल्या कमकुवत जागांतही साचत राहतो, हे सांगायला मला पाच मिनिटं पुरली. शेवटी गुगल अर्थवर पुनर्वसन झालेली नवी किल्लारी उघडली. तिचे सरळ, रुंद रस्ते पाहून एक मुलगा म्हणाला, "बाई, हे मुद्दाम मोकळं ठिवलंय." तंत्रज्ञान दोन्ही वर्षी तेच होतं.

बी.एड.ला तुम्ही टीपॅक पाठ केला असेल, म्हणजे विषय, शिकवणं आणि तंत्रज्ञान यांची सांगड घालणारी चौकट. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडलं की विषय येणं वेगळं आणि तो विषय शिकवता येणं वेगळं; भूकंप समजणाऱ्या माणसाला नववीचं लेकरू भूकंपाबद्दल नेमकं कुठे अडतं हे माहीत असेलच असं नाही. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञान जोडलं. तीन वर्तुळांची ती आकृती परीक्षेपुरती काढणं सोपं आहे. वर्गात तिचा अर्थ असा की कुठलंही साधन सगळ्या पाठांना सारखं चालत नाही.

आमच्या विज्ञानाच्या सरांच्या तासाला बसून हे मला पटलं. एकसरीत जोडलेले दोन दिवे, जास्त कोणता उजळेल? बहुतेक हात पहिल्या दिव्यासाठी वर गेले, कारण वीज पहिल्या दिव्यात थोडी खर्च होते असा लेकरांचा पक्का समज असतो. सरांनी आधी खरे बॅटरीचे दिवे जोडले. बाजारातले दोन दिवे तंतोतंत सारखे नसतात, त्यामुळे एक खरंच मंद दिसला आणि चुकीचा समज आणखी घट्ट झाला. मग त्यांनी फेटवरचं विद्युत परिपथाचं सिम्युलेशन उघडलं. कोलोरॅडो विद्यापीठाचा हा उपक्रम मोफत आहे आणि त्यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. तिथे दोन्ही दिवे सारखे आणि तारेतून सरकणारे कणही दिसतात. न दिसणारी गोष्ट दाखवायला सिम्युलेशन हवंच. पण सैल तार ओळखायला खरी तारच हातात घ्यावी लागते. सरांनी दोन्ही ठेवलं, फक्त क्रम बदलला.

अंदाज विचारायला प्रत्येकाकडे फोन असायची गरज नाही. प्लिकर्समध्ये लेकरं छापील कार्ड वर धरतात आणि शिक्षकाचा एकच फोन ती वाचतो. तेही नसलं तर बोटं दाखवा: एक, दोन, तीन. मत दिल्यावर लगेच उत्तर सांगू नका. शेजाऱ्याला पटवायला दोन मिनिटं द्या आणि पुन्हा मत घ्या.

भारनियमन धरूनच पाठाचं टाचण काढा. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचं साहित्य आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. प्रश्न मात्र फळ्यावरच लिहा, म्हणजे वीज गेली तरी तास पुढे जातो.

दिवाळीच्या आसपास काही घरं ऊसतोडीला जातात. त्या लेकरांना मी व्हिडिओ पाठवत नाही. पालकांचा फोन संध्याकाळी थोडाच वेळ हाती येतो आणि डेटाही संपतो. व्हॉट्सॲपवर दोन मिनिटांचा माझा आवाज आणि एक प्रश्न जातो: "तिथली माती आपल्यासारखी काळी आहे का? भिजल्यावर काय होतं?" उत्तर आवाजातच येतं, मागे बैलगाडीची घुंगरं वाजत असतात. परत आल्यावर तेच लेकरू वर्गाला त्या मातीबद्दल सांगतं.

आता माझ्या टाचणात साधनाच्या नावाआधी दोन ओळी असतात: लेकरांना याबद्दल आधी काय वाटतं आणि पडदा कुठल्या क्षणी बंद करायचा. खाली एक ओळ कोरी सोडते, तासात आलेल्या प्रश्नासाठी. भूकंपाच्या पाठाखाली यंदा तिथे लिहिलंय: "बाई, भिंती तशाच ठिवून माळवद हलकं केलं असतं तर?" उद्याचा तास त्यावर आहे. पत्र्याचे तुकडे, माती आणि विटा लेकरंच आणणार आहेत, प्रोजेक्टर लागणार नाही.