गाभण कुत्रीला भूल देताना

पहिल्या सिझेरियनला मी कुत्रीला आधी भूल दिली आणि मग पोटावरचे केस काढायला घेतले. मशीनचं पातं तापलं, ते बदललं, मग सफाई, मग ड्रेप, म्हणजे छेदाभोवतीचं निर्जंतुक कापड. पहिलं पिल्लू हातात आलं तोवर चाळीस मिनिटं गेली होती. आई ठणठणीत, पण पाचही पिल्लं हातात नुसती लोंबत होती. दोन गेली.

भुलीची बहुतेक औषधं वारेतून पिल्लांत उतरतात, एवढं पुस्तकात वाचलेलं होतं. घड्याळाशी त्याचा संबंध त्या दिवशी कळला. आता केस काढणं, सलाईन, पहिली सफाई, सगळं कुत्री जागी असताना, कुशीवर झोपवून उरकतो. सोबत ३ ते ५ मिनिटं मास्कने ऑक्सिजन. भरलेलं गर्भाशय छातीचा पडदा वर ढकलतं, त्यात ऑक्सिजनची गरज वाढलेली. भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी घालायला जरा उशीर झाला की जीभ निळी पडते. उपाशी आहे यावरही विसंबू नका. गाभणपणी अन्न पोटात रेंगाळतं आणि उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून नळी घातल्याबरोबर तिच्या टोकाभोवतीचा फुगा, म्हणजे कफ, फुगवायचा.

शिरेतून द्यायचं भुलीचं औषध प्रोपोफोल हळूहळू, नळी जाईल इतकंच. पुढे भूल टिकवणारा गॅस, आयसोफ्लुरेन, एरवीपेक्षा कमी पुरतो. नवखे गॅसचा डायल हमखास वर ठेवतात. आईचा रक्तदाब घसरला की गर्भाशयाचं रक्तही आटतं. छेदाच्या रेषेत लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध, भरलं तर गॅस आणखी उतरवता येतो. झायलाझिन हे गुंगीचं औषध मात्र सवयीने भरू नका. गायीतही, जिथे सिझेरियन बहुधा उभ्यानेच, डाव्या कुशीत लिग्नोकेन देऊन करतात, झायलाझिनने गर्भाशय आवळतं आणि वासराचा पाय धरून वर आणताना घाम फुटतो.

पिल्लांसाठी वेगळा माणूस हवाच. टेबलावरून उठून ते काम जमत नाही. नाक-तोंड साफ करायचं, टॉवेलने चोळायचं, ऊब द्यायची. हवेत झटकायची जुनी पद्धत सोडा, मेंदूला इजा होते. पिल्लाचे ठोके मंद वाटले की हात ठोके वाढवणाऱ्या अॅट्रोपिनकडे जातो. पण ते बहुधा ऑक्सिजन कमी पडल्याने मंदावलेले असतात. छोटा मास्क लावा, छाती हलतेय का बघा. माझ्या त्या पाचातलं शेवटचं वीस मिनिटांनी कुंईकुंई करायला लागलं, तेव्हा मी पोट शिवत होतो.