डाळ, कुकर आणि सकाळची घाई
सकाळी डबे भरताना माझा सर्वाधिक वेळ तुरीच्या डाळीपाशी अडकत असे. पाच-सहा शिट्ट्या होऊनही ती कच्चीच राही आणि कुकर पुन्हा चढवावा लागे. आता मी डाळ रात्रीच भिजत घालते, सकाळी ती खालच्या भांड्यात व तांदूळ वरच्या भांड्यात ठेवते आणि पहिली शिट्टी होताच आच मंद करते, कारण दाबामुळे कुकरमधले पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते आणि त्यापुढे मोठी आच केवळ वाफ बाहेर दवडते. दहा मिनिटांनी गॅस बंद करून वाफ जिरेपर्यंत पोळ्या लाटते. चिंच मात्र शेवटी घालते. आंबटपणामुळे डाळ लवकर शिजत नाही, हे सासूबाई सांगत असत आणि मी ऐकत नसे.