एसएसएचवरून फाइल हळू जातेय? आधी मोजा, मग सेटिंगला हात लावा

एसएसएच म्हणजे दुसऱ्या मशिनशी सुरक्षित जोडणी. तिच्यावरून एससीपी किंवा एसएफटीपी या कमांडने मोठी फाइल पाठवताना वेग पडला, की बहुतेक जण एन्क्रिप्शनला (डेटा सांकेतिक करण्याला) दोष देऊन कॉन्फिग फाइल उघडतात. कृपया तसं करू नका. फाइल एका डिस्कवरून निघते, प्रोसेसर ती एन्क्रिप्ट करतो, मग ती नेटवर्कवरून जाऊन पलीकडच्या डिस्कवर उतरते. यातलं नेमकं कुठे अडतंय ते कळेपर्यंत काहीही बदलू नये.

आधी आकडा नीट वाचा. नेटवर्कचा वेग बिटमध्ये सांगतात, कॉपीचा बाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. गिगाबिट लिंकवर सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास मिळत असतील तर बिघाड काहीच नाही. पण वेग ११ वर येऊन तिथेच खिळला, तर लिंक १०० मेगाबिटवर जुळली आहे अशी शंका घ्या. एका बॅकअप सर्व्हरवर मी अख्खी संध्याकाळ सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) बदलत होतो, आकडा ११.२ वरून हलेना. शेवटी एथटूल ही लिंकची माहिती देणारी कमांड चालवली, तर स्पीडपुढे १००० ऐवजी १००! गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली तर जोडणी बहुतेकदा चालूच राहते, वेग तेवढा दहा पटींनी उतरतो. केबल बदलली आणि काम झालं.

लिंक ठीक असेल तर दोन्ही मशिनवर आयपर्फ३ हा नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्रॅम चालवा, एकदा उलट्या दिशेनेही. यात डिस्क नाही, एन्क्रिप्शनही नाही. इथेच वेग कमी आला तर दोष केबल, स्विच किंवा वायफायमध्ये शोधा.

इथे वेग पूर्ण मिळाला, तर डीडी या कॉपीच्या कमांडने १ जीबी शून्यं एसएसएचमधून पाठवा आणि पलीकडे डेव्ह-नलमध्ये टाका, तिथे आलेलं सगळं डिस्कवर न लिहिता टाकून दिलं जातं. कॉम्प्रेशन (डेटा दाबून लहान करणं) मात्र बंद हवं, नाहीतर शून्यं दाबली जाऊन खोटा आकडा दिसेल. ही चाचणी वेगात झाली आणि खरी फाइल रखडली, तर संशय डिस्कवर. चाचणीच रखडली तर दोन्हीकडे टॉप उघडा, कोणता प्रोग्रॅम प्रोसेसर किती वापरतोय ते त्यात दिसतं. एसएसएच किंवा एसएसएचडी (त्याचा सर्व्हरकडचा भाग) १०० टक्क्यांजवळ दिसला, तर प्रोसेसरचा एक कोर पूर्ण भरला आहे, आणि सायफर बदलायचा तो आता. प्रोसेसरमध्ये एईएस या सायफरची हार्डवेअर सोय असेल तर एईएस-१२८-जीसीएम घ्या, नसेल तर चाचा२०.

वेगवान लॅनवर कॉम्प्रेशन बंदच ठेवा. व्हिडिओ, झिप आधीच दाबलेले असतात, त्यावर पुन्हा प्रोसेसर कशाला शिणवायचा?

हजारो बारक्या फाइल असतील तर दर फाइलमागे उघडा-लिहा-बंद करा हे चक्र फिरतं आणि वेळ त्यातच जातो. टार या फाइली एकत्र बांधणाऱ्या कमांडने सगळ्यांचा एकच प्रवाह करून एसएसएचमधून पाठवा, पलीकडे लगेच सोडवा. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक याच उपायाने पडतो.

सर्व्हर दूरच्या खंडात असेल तर पिंगची वेळ बघा. ओपनएसएसएच (एसएसएचचा नेहमीचा प्रोग्रॅम) पोच येण्याआधी साधारण २ मेगाबाइटच वाटेत ठेवतं. जाऊन-येऊन २०० मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदाला १० मेगाबाइटच्या वर जाता येत नाही, लाइन कितीही मोठी असली तरी. अशा वेळी फाइली वाटून तीन-चार कनेक्शनवरून एकदम सोडा.