कोल्हापुरात हायलँड गेम्सचं मैदान भरवायचं असेल तर

हायलँड गेम्स म्हणजे स्कॉटलंडातले जुने ताकदीचे खेळ. ते भरवायचे तर किल्ट, म्हणजे तिकडच्या पुरुषांचा चुण्यांचा चौकडी घागरा, सगळ्यात शेवटी शिवायचा. स्कॉटिश मंडळ काढायचं ठरलं की पोरं आधी चौकड्याचं कापड बघायला इचलकरंजीला पळतात, म्हणून हे पहिल्यांदाच सांगून टाकतो. फोटो निघतात, स्टेटस पडतात, आणि पावसाळा संपेपर्यंत ओंडका उचलायला माणूस उरत नाही. मी मराठा लाइट इन्फंट्रीत पाइपर, म्हणजे बॅगपाइप वाजवणारा, होतो. निवृत्तीनंतर कोल्हापुरात पाइप शिकवायला लागलो, शिकणाऱ्यांतनं मंडळ उभं राहिलं आणि मंडळातनं वर्षाचं मैदान. आमच्या अनुभवाचा क्रम असा: आधी खेळ, मग कागद, मग वाद्य, शेवटी कपडे.

"कोल्हापुरात स्कॉटलंडचं काय काम?" असं विचारणारे भेटणारच. त्यांना सांगायचं, आपल्या पलटणींत बॅगपाइप आला तो ब्रिटिश फौजेतल्या स्कॉटिश रेजिमेंटकडनं, आणि स्वातंत्र्यानंतरही तो राहिला. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या लोक फौजेत आहेत. त्यांना हा आवाज परका नाही. आणि अंगातली ताकद चारचौघांत दाखवायची हौस या शहराला कुणी बाहेरनं शिकवावी लागत नाही.

आता खेळ. सुरुवात दगडानं करा, कारण त्याला खर्च नाही. नदीतला गुळगुळीत, गोलसर दगड शोधा, ९ ते १२ किलोच्या दरम्यानचा. स्कॉटलंडमधल्या ब्रेमार पद्धतीत धाव घ्यायची नाही, जागेवर उभं राहून एका हातानं खांद्यापासून दगड ढकलायचा. तालमीतली पोरं पहिल्या दिवशी दोन्ही हात लावतात, त्यांना तिथंच थांबवा. समोर एक लाकडी फळी ठोकायची, पाय तिच्यापुढं गेला की फेक बाद. प्रत्येकाला तीन फेकी, त्यातली सगळ्यात लांबची धरायची.

लोक येतात ते ओंडका बघायला. कॅबर म्हणजे साल काढलेला, एका बाजूला निमुळता होत गेलेला झाडाचा सोट. स्कॉटलंडात तो साधारण १६ ते २० फुटांचा असतो आणि वजन ५० किलोच्या वर जातं. आपण तिथनं सुरुवात करायची नाही. टिंबर मार्केटात जाऊन निलगिरीचा सरळ सोट मागा, १३ फूट लांब आणि सरासरी चार इंच जाड. ओला असताना तो ३० किलोच्या आसपास भरतो. वाळला की हलका होतो, म्हणून मैदानाच्या आदल्या दिवशी पुन्हा तोलायचा आणि तोच आकडा फळ्यावर लिहायचा. निलगिरी वाळताना चिरते. दोन्ही टोकांना तार आवळा. निमुळतं टोक कानशीनं गोल करून घ्या, नाहीतर तळहातात कुसळं घुसतात.

उचलायची रीत अशी. दोघे मदतनीस ओंडका निमुळतं टोक खाली ठेवून उभा करतात. खेळाडू गुडघ्यात वाकतो, ओंडका मानेला आणि खांद्याला टेकवतो, दोन्ही हातांची बोटं टोकाखाली गुंफतो आणि उठतो. मग तोल सापडेपर्यंत थांबायचं. नवीन पोरं इथंच घाई करतात आणि ओंडक्यामागं सैरावैरा धावतात. तोल सापडला की चार पावलं पळायचं, अचानक थांबायचं आणि हात वर खेचायचे. जाड टोक जमिनीवर आपटतं, ओंडका उभा होतो आणि निमुळतं टोक पुढं पडतं. ते खेळाडूच्या नाकासमोर सरळ पडलं तर घड्याळात बारा वाजले असं धरतात, तीच पूर्ण फेक. जरा उजवीकडं कललं तर एक वाजला, डावीकडं कललं तर अकरा. पंच खेळाडूच्या पाठीमागं उभा राहून बघतो. ओंडका पलटलाच नाही तर बाजूचा पंच तो किती अंशांपर्यंत उभा झाला ते सांगतो.

लांबी मोजायचीच नाही, आणि हे निवेदकानं दर दहा मिनिटांनी माइकवर सांगितलं पाहिजे. गर्दी "किती फूट गेला?" असंच ओरडत असते. कुणालाच ओंडका पलटता आला नाही तर टोकाचा तुकडा करवतीनं कापायचा आणि पुन्हा सगळ्यांना संधी द्यायची. ही तिकडचीच जुनी चाल आहे. करवत आली की आमच्याकडं शिट्ट्या पडतात, खुद्द फेकीलाही तेवढ्या पडत नाहीत.

लोखंडी वजनांच्या बाबतीत आपण नशीबवान. तिकडची पुरुषांची वजनं २८ आणि ५६ पौंडांची, म्हणजे १२.७ आणि २५.४ किलो. महिलांसाठी १४ आणि २८ पौंड. उद्यमनगरात कुठल्याही ओतकामवाल्याकडं पॅटर्न द्या, तो दोन-तीन नग हसत हसत ओतून देईल. साखळी आणि कडी धरून एकूण लांबी १८ इंचांवर जाऊ द्यायची नाही. वजन थोडं जास्त ओतून घ्या आणि नंतर ड्रिल मारून बरोबर करा. कमी पडलेल्यात भर घालणं कटकटीचं असतं. लांब फेकायचा एक प्रकार आणि आडव्या बारवरनं उंच टाकायचा दुसरा. दोन्ही एका हातानंच. उंच टाकताना खेळाडू बारखालीच, पाठ फिरवून उभा असतो, म्हणून वजन हातातनं सुटताक्षणी बाजूला व्हायची सवय आधी हलक्या वजनावर लावा. बारसाठी मांडववाल्याचे दोन पाइप आणि कप्पीवरची दोरी पुरते.

हातोडा पहिल्या वर्षी ठेवू नका. १६ पौंडांचा गोळा म्हणजे ७.२६ किलो, आपल्याकडच्या गोळाफेकीएवढाच, पण तो सव्वाचार फुटांच्या ताठ दांड्याला लावलेला असतो. पाय जागेवर रोवून, पाठ फेकीच्या दिशेला करून, डोक्याभोवती फिरवून मागं सोडायचा. एक क्षण उशिरा सुटला तर तो प्रेक्षकांकडं जातो. शहरातल्या मैदानावर मी त्याला हात लावू देत नाही. गावाकडचा मोकळा माळ असेल, समोर ६० मीटर आणि दोन्ही बाजूंना ३० मीटर दोरी बांधून मोकळं ठेवता येत असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बघा.

त्यापेक्षा पेंढी घ्या. गोणपाटात पाचट घट्ट भरून ९ किलोची पिशवी शिवायची, लांब दांड्याच्या काट्यानं उचलायची आणि बारवरनं पलीकडं टाकायची. शेतातल्या माणसाला ही नजाकत लवकर कळते. व्यायामशाळेतले दंड फुगवलेले गडी इथं मागं पडतात, ते बघण्यात वेगळीच मजा आहे. रस्सीखेच तर ठेवाच, आठ-आठ जणांची. तिच्याबद्दल कोल्हापूरकराला मी काय सांगणार?

तारीख ठरवताना ३० नोव्हेंबर, म्हणजे सेंट अँड्र्यूज डे, याच्या जवळचा रविवार धरा. पाऊस संपलेला असतो, जमीन अजून दगडासारखी झालेली नसते. ऊस तोडणी सुरू झालेली असते, म्हणून गावातल्या मैदानाला जाणारा रस्ता ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी भरतो, तेवढं वेळेत धरा. २५ जानेवारीला तिकडं रॉबर्ट बर्न्स या कवीच्या नावानं जेवण असतं. आपल्याकडं ती तारीख अडचणीची, कारण दुसऱ्या दिवशीच्या संचलनासाठी आपले पाइपर-ड्रमर कुणी ना कुणी आधीच बोलावलेले असतात. तरी जेवण करायचंच असेल तर हॅगिससाठी फार शोधाशोध नको. मेंढीचं काळीज, हृदय, फुप्फुस बारीक करून त्यात ओट्स, कांदा, चरबी आणि मसाला घालून जठराच्या पिशवीत उकडतात. वजडी खाणाऱ्या गावाला हा पदार्थ समजावून सांगावा लागत नाही. सोबत पांढरा रस्सा ठेवला तर कुणी तक्रार करत नाही, स्कॉटिश पाहुणासुद्धा.

आता कागद. नोंदणीला किमान सात जण लागतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या इथल्या कार्यालयात काम होतं. सातही जण एका घरातले किंवा एका गल्लीतले घेऊ नका. भांडण झालं की मंडळच बंद पडतं. उद्देश लिहिताना नुसतं "स्कॉटिश संस्कृती" लिहून भागत नाही. पाइप आणि ड्रम वादनाचं शिक्षण, हायलँड खेळांच्या स्पर्धा, माजी सैनिकांचा सहभाग असं स्पष्ट लिहा. नावात "राष्ट्रीय" किंवा "भारतीय" घालायचा मोह टाळा, अर्ज अडतो. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. बहुतेक मंडळं इथंच झोपतात, आणि पुढं बँकेत सही कुणाची चालणार यावरनं दोन वर्षं खातं गोठतं. खजिनदार म्हणून पतसंस्थेत काम केलेला माणूस शोधा. कोल्हापुरात असा माणूस प्रत्येक गल्लीत एक तरी असतोच.

परदेशातनं कुणी प्रेमानं देणगी पाठवतो म्हणाला तर आभार माना आणि थांबवा. विदेशी देणगीसाठी २०१० च्या कायद्याखाली वेगळी नोंदणी लागते, आणि ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या ठरलेल्या शाखेतच यावी लागते. आणखी एक: एखाद्या क्लॅनप्रमुखाचं, म्हणजे स्कॉटिश कुळाच्या प्रमुखाचं, मानचिन्ह लेटरहेडवर छापू नका. तिकडं ते त्या माणसाच्या मालकीचं असतं आणि त्यासाठी लॉर्ड लायन नावाचा अधिकारी बसलेला असतो. आपलं स्वतःचं चिन्ह काढा.

वाद्याबद्दल मी किती लिहू, हा माझा प्रांत. थोडक्यात: थेट बॅगपाइप विकत घेऊ नका. आधी सरावाचा चँटर घ्या, म्हणजे पिशवी नसलेली, भोकांवर बोटं ठेवून वाजवायची नळी. नऊ सूर आहेत, खालच्या जी पासून वरच्या ए पर्यंत. सूर तोडता येत नाही, कारण हवा सतत चालू असते, म्हणून दोन सारख्या सुरांच्या मधे बोटांनी बारीक अलंकार घालावे लागतात. ही बोटं बसायला वर्ष जातं. ज्याला वर्षभर चँटर वाजवायचा कंटाळा येतो त्याला ड्रम द्या. पाइप मेरठच्या कारागिरांकडचा चालतो, पण त्यातल्या रीड, म्हणजे आवाज काढणाऱ्या पट्ट्या, बदलून घ्या. जून ते सप्टेंबर आपल्या हवेत वेताच्या रीड पाणी धरतात आणि आवाज बसतो. ड्रोनना, म्हणजे एकच सूर धरून ठेवणाऱ्या लांब नळ्यांना, प्लास्टिकच्या रीड लावल्या तर निम्मा त्रास जातो. वाजवून झालं की पाइप पिशवीतनं काढून पुसायचा. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही, लाकूड तडकतं. सराव रंकाळ्यावर नको. गर्दी जमते, आणि पोरं शिकायच्या आधी वाजवून दाखवायला लागतात. कानात बोळे घाला, बंद खोलीत तर नक्कीच.

मैदानाच्या दिवशी हलगी येणारच, तिला अडवू नका. फक्त हलगी आणि पाइप एकाच वेळी लावायचे नाहीत. हलगी जिंकते.

शेवटी किल्ट. आठ यार्ड लोकरीचा खरा किल्ट आपल्या हवेत अंगावर तासभर ठेवून बघा, मग इचलकरंजीचं सुती-पॉलिस्टर मिश्र कापड किती चांगलं ते कळेल. पुढचे दोन पदर सपाट, चुण्या सगळ्या मागं, लांबी गुडघ्याच्या मध्यापर्यंत. आत चड्डी घालायचीच, ओंडका उचलताना चर्चा नको. पाटील-जाधवांनी कुठल्या तरी क्लॅनचे वंशज असल्याचं सोंग आणू नये. ब्लॅक वॉचसारखी सगळ्यांना चालणारी टार्टन, म्हणजे चौकड्यांच्या नक्ष्या, आहेत. हौस असेल तर स्वतःची नक्षी बनवा. २००८ च्या कायद्यानं तिकडं टार्टनची सरकारी नोंदवही झाली आहे आणि अर्ज कुणालाही करता येतो. कमरेची चामडी पिशवी, म्हणजे स्पोरन, सुभाषनगरात चपला करणाऱ्या कारागिराला फोटो दाखवून करून घ्या. त्याची शिवण परदेशातनं मागवलेल्या पिशवीपेक्षा टिकते. आणि ज्या कपड्यावर आपण एवढी हौस करतो तो स्कॉटलंडातल्या १७४५ च्या बंडानंतर सरकारनं बंद केला होता, १७४६ पासून १७८२ पर्यंत. पोरांना हे सांगितलं की किल्टवरचे विनोद जरा कमी होतात.

खुद्द स्कॉटलंडात उतरायचं असेल तर हंगाम मे ते सप्टेंबर. ब्रेमारचे खेळ सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी, तिथं राजघराणं येतं. पण पहिल्यांदा जाणाऱ्यानं लहान गावचे खेळ निवडावेत आणि तिथल्या सचिवाला बरंच आधी पत्र टाकून कुठल्या प्रकारात बाहेरच्यांना प्रवेश आहे ते विचारावं. जड खेळांत किल्ट सक्तीचा आहे. वजनं इथनं न्यायची गरज नाही, ती तिथं असतात. आपल्या पोरांना मी डोंगरशर्यत सुचवतो. जोतिबाचा डोंगर आणि पन्हाळा रोज चढणाऱ्याला तिकडची चढण जमते, फक्त चिखल आणि गारठा वेगळा. बँड नेणार असाल तर ऑगस्टमध्ये ग्लासगो ग्रीनवर जागतिक पाइप बँड स्पर्धा भरते, पण तिथं बँड श्रेणीनुसार उतरतात. आधी एकदा नुसतं ऐकून या.

मैदान संपलं की त्याच संध्याकाळी मांडववाल्याचे पैसे चुकते करा आणि पावती घ्या. वजनांना तेल लावा. ओंडका भिंतीला टेकवून ठेवू नका, वाकतो. विटांवर आडवा, जमिनीपासनं वीतभर वर ठेवा आणि खाली वाळवीचं औषध मारा.