आकृती गेली, ‘डेअर’ मागे राहिलं

मराठी-जर्मन पुस्तिका लाटेक या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवत होतो. जर्मन मजकुरात ‘इन डेअर’ हाताने टाइप करून पुढे आपोआप येणारा संदर्भ ठेवला होता: ‘इन डेअर आबिल्डुंग 3’, म्हणजे ‘आकृती 3 मध्ये’. नंतर ती आकृती काढून संदर्भ एका विभागाकडे वळवला आणि पीडीएफमध्ये आलं ‘इन डेअर आबश्निट 4’! आबिल्डुंग (आकृती) स्त्रीलिंगी, आबश्निट (विभाग) पुल्लिंगी. तिथे ‘इम’ हवं. आपोआप संदर्भ घालणारं लाटेकचं पॅकेज क्लेव्हररेफ नाव-आकडा चोख देतं, पण हाताने लिहिलेल्या आर्टिकलला, म्हणजे नामाआधीच्या लिंगानुसार बदलणाऱ्या शब्दाला, ते काय करणार?

म्हणून झेडरेफ-क्लेव्हर हे त्याच कामाचं दुसरं पॅकेज घेतलं. त्यातला ‘नज’ हा तपासणीचा पर्याय चालू करून संदर्भाच्या ‘जी’ पर्यायात अपेक्षित लिंग लिहिलं, की न जुळल्यास कंपाइल करताना (पीडीएफ तयार होताना) इशारा येतो. दुरुस्ती आपणच करायची, पण चूक लपत नाही.

मराठीत ‘तक्ता’चं ‘तक्त्या’ होण्याची कटकट होती. ‘तक्ता क्रमांक 2 मध्ये’ लिहिलं, सुटलो.