ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा दोष शोधताना या चुका टाळा

गाडी ‘डी’मध्ये (ड्राइव्ह) टाकल्यावर क्षणभर थबकू लागली, गिअर बदलताना हिसका देऊ लागली किंवा इंजिनाचा आवाज वाढूनही वेग मिळेनासा झाला, की गिअरबॉक्स गेला असे लगेच ठरवले जाते आणि त्या घाईत अनेकदा चांगला गिअरबॉक्स खोलला जातो. माझ्या मते पहिली चूक त्याआधीच झालेली असते. आपल्या गाडीत कोणत्या प्रकारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, हेच पुष्कळ मालकांना ठाऊक नसते.

२०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर भारतातील छोट्या गाड्यांत एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) आला. तो मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम तेवढे आपल्याऐवजी यंत्रणा करते. त्यामुळे गिअर बदलताना जाणवणारा हलका झोल हा त्याचा स्वभाव आहे, दोष नव्हे. मात्र त्याची क्लचप्लेट मॅन्युअल गाडीसारखीच झिजते, आणि खंबाटकी घाटात वाहतूक तुंबलेली असताना चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली तर ती जळतेसुद्धा. कोरड्या क्लचच्या डीसीटीलाही (दोन क्लचच्या गिअरबॉक्सलाही) ही सवय घातक आहे. सीव्हीटीमध्ये, म्हणजे पट्टा आणि पुलीवर चालणाऱ्या गिअरबॉक्समध्ये, ठरावीक गिअर नसल्याने ॲक्सिलरेटर जोरात दाबल्यावर इंजिनाचे फेरे आधी वाढतात आणि वेग मागाहून येतो. त्याला ‘घसरणे’ समजून दुरुस्तीला जाऊ नये.

टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे इंजिनाची शक्ती तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या, गाडीत तपासणीची सुरुवात तेलापासून करावी, आणि चुकाही इथेच सर्वाधिक होतात. इंजिन ऑइलप्रमाणे थंड गाडीत पातळी पाहिली तर ती चुकीची दिसते, कारण हे तेल तापल्यावर फुगते. डिपस्टिक (तेलाची पातळी पाहण्याची पट्टी) असलेल्या बहुतेक गाड्यांत गाडी सपाट जागी, गरम आणि चालू अवस्थेत ‘पी’मध्ये (पार्क) ठेवून पातळी बघतात, तर काही गाड्यांत इंजिन बंद केल्याबरोबर बघतात, म्हणून मालक-पुस्तिका उघडणे अनिवार्य आहे. नव्या गाड्यांत पुष्कळदा डिपस्टिकच नसते, आणि तेलाचे तापमान स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधील माहिती वाचणाऱ्या यंत्रावर) पाहत खालच्या प्लगमधून पातळी ठरवावी लागते. तेल तपकिरी-काळे होऊन जळका वास येत असेल तर आतील क्लच झिजले असण्याची शक्यता मोठी. ते दुधट गुलाबी दिसले, तर रेडिएटरमधील कूलरातून कूलंट आत शिरले आहे असे समजून गाडी तिथेच थांबवावी. सीव्हीटीचे तेल निराळे असते. त्यात साधे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे नेहमीचे तेल) ओतल्यास पट्टा आणि पुली यांची पकड बिघडते, आणि हे नुकसान तेल पुन्हा बदलून भरून निघेलच असे नाही.

साठ ते ऐंशीच्या स्थिर वेगात, ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असताना, रस्त्यावरील रम्बल पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवते, तेव्हा संशय टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अपवर, म्हणजे स्थिर वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणाऱ्या क्लचवर, घ्यावा. पण इग्निशन कॉइल किंवा स्पार्क प्लग कमजोर असला तरी जवळजवळ तशीच थरथर येते. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर ॲक्सिलरेटर तसाच ठेवून, मागचा दिवा लागेल इतपतच ब्रेकला स्पर्श केला की बहुतेक गाड्यांत लॉक-अप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली, तर कॉइल बदलून काही साधणार नाही.

‘पी’मधून ‘डी’त टाकताना धाडकन आवाज येत असेल, तर इंजिन माउंटिंग, म्हणजे गॅरेजच्या भाषेतले फाउंडेशन, आधी तपासून घ्यावे. लिव्हर ‘पी’मधून हलतच नसेल, तर ब्रेक दाबून मागचे दिवे लागतात का ते कोणाला तरी पाहायला सांगावे. दिवे लागत नसतील, तर दोष बहुधा ब्रेकच्या स्विचचा असतो. तो किरकोळ किमतीचा भाग आहे. उतारावर हँडब्रेक न लावता ‘पी’वर गाडी सोडण्याची सवय असेल, तर ‘पी’ काढताना येणारा ठोका त्या सवयीचाच असतो.

गाडी एकाच गिअरमध्ये अडकली आणि चेक इंजिनचा दिवा लागला, म्हणून बॅटरीची तार काढून ‘रीसेट’ करू नये. त्याने गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले दोषाचे कोड पुसले जातात आणि मेकॅनिकच्या हाती काही उरत नाही. स्कॅनरवर पी०७०० दिसला, तर तो केवळ गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने इंजिनाच्या कॉम्प्युटरला दिलेला निरोप असतो; खरा कोड गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये वेगळा वाचावा लागतो. पी०७१५ आला तर आधी इनपुट स्पीड सेन्सर (गिअरबॉक्समध्ये येणारी गती मोजणारा) आणि त्याची वायर तपासावी, पी०७४० आला तर लॉक-अपची सर्किट. कमकुवत बॅटरीमुळेही खोटे कोड येतात, म्हणून तिचा व्होल्टेज मोजल्याशिवाय महागडा भाग मागवू नये.

गॅरेजपर्यंत गाडी ओढत नेण्यातही घात होतो. पुढच्या चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक गाडी दोरी बांधून, पुढची चाके जमिनीवर फिरत ठेवून नेली, तर बंद इंजिनामुळे तेलाचा पंप फिरत नाही आणि आतील भाग कोरडे घासतात. अशा वेळी पुढची चाके उचलणारी क्रेन बोलवावी. गाडी चारही चाकांवर चालणारी असेल, तर सपाट ट्रकच लागतो.