अतिसूक्ष्म जीवाणूंमुळे रोग होतो, हा दावा कसा तपासावा

मूतखडा किंवा धमन्यांतील कॅल्शियमचे थर 'नॅनोबॅक्टेरिया' म्हणवल्या जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांमुळे होतात असे वाचनात आले, तर प्रथम त्या कणांचा आकार पाहावा. जिवंत पेशीत डीएनए आणि प्रथिने बनवणारे रायबोसोम मावले पाहिजेत. एकेक रायबोसोमच सुमारे 20 नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) असल्याने, स्वतंत्रपणे जगणाऱ्या पेशीचा किमान व्यास अमेरिकी राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या तज्ज्ञांनी 200 ते 300 नॅनोमीटर मानला. याहून बऱ्याच लहान कणाला जिवंत म्हणणाऱ्याने भक्कम पुरावा द्यायला हवा.

पुढची तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: कणांची संख्या वाढते म्हणजे ते प्रजनन करतात, असे धरून चालू नये. फिनलंडच्या ओलावी कायांडर आणि नेवा चिफ्तचिओलू यांनी 1998 साली मूतखड्यांत असे खनिज-कवचाचे, संवर्धनात वाढणारे कण सापडल्याचे मांडले. परंतु 2000 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांना तशीच वाढ फॉस्फोलिपिड या निर्जीव मेदपदार्थापासूनही घडवता आली, आणि पुरावा म्हणून दिलेले जनुकीय अनुक्रम प्रयोगशाळेत नेहमी शिरणाऱ्या दुसऱ्याच जीवाणूशी जुळले. 2008 साली मार्टेल आणि यंग या संशोधकांनी गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या रक्तद्रवातूनही तसे कण मिळवले. म्हणून निर्जंतुक नमुन्यात काय घडले, हे शोधनिबंधात आवर्जून शोधावे. ती तुलनाच नसेल, तर निष्कर्ष मान्य करू नये.

औषधाचा परिणाम हाही फसवा पुरावा ठरू शकतो. टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाने कणांची वाढ थांबली तर ते जीवाणू होते असे वाटते खरे, पण हे औषध कॅल्शियमलाही बांधून ठेवते. त्यामुळे निर्जीव खनिजाची वाढही त्याने रोखली जाऊ शकते. तसेच, रोगग्रस्त ऊतीत कण सापडले एवढ्यावरून ते रोगाचे कारण ठरत नाहीत, कारण ते कॅल्शियम साचण्याचा परिणामही असू शकतात. अशा दाव्यावर विसंबून उपचार सुरू करू नयेत किंवा चालू उपचार थांबवू नयेत.

मात्र अतिसूक्ष्म जीवाणू नसतातच, असाही समज करून घेऊ नये. मानवी तोंडातील सॅकॅरिबॅक्टेरिया गटाचा, जेमतेम 200 ते 300 नॅनोमीटरचा एक जीवाणू 2015 साली तो ज्याच्या आधाराने जगतो त्या यजमान जीवाणूसह प्रयोगशाळेत वाढवला गेला. त्याचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचलेला आहे. हिरड्यांच्या विकारांशी या गटाचा संबंध दिसतो. तो कारणाचा आहे की केवळ सहवासाचा, यावर संशोधन चालू आहे.